मूळचे कुठले?

मराठी माणसाची ओळख करून घ्यायची एक ठरलेली रीत आहे. आधी नाव विचारायचं, मग आडनाव, आणि आडनावावरून पुरेसा उलगडा झाला नाही, की पानाला चुना लावावा तितक्या सहजपणे विचारायचं, "आपण मूळचे कुठले?" यातला 'मूळचे' हा शब्द मोठा खोचक आहे. तुम्ही चाळीस वर्षं ठाण्यात राहिलेले असाल, तिथंच तुमचं लग्न झालं असेल, तिथलीच महापालिका तुमच्या नावानं पाणीपट्टीच्या नोटिसा काढत असेल. पण त्याला काही किंमत नाही. ठाणे हा तुमचा नुसता पत्ता झाला. मूळ वेगळंच असतं. तुमच्या पणजोबांनी ज्या गावाहून कंटाळून पळ काढला, ते तुमचं मूळ.

एकदा का तुम्ही त्या गावाचं नाव सांगितलंत, की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. त्याच्या डोक्यात एक कपाट असतं, कपाटात खण असतात आणि प्रत्येक खणावर आतल्या मालाची चिठ्ठी लावलेली असते. तुम्ही 'सोलापूर' म्हणालात, की तो म्हणतो, "वा! चादरी!" 'जळगाव' म्हटलं की "केळी!" नागपूरला संत्री, सांगलीला हळद, नाशिकला द्राक्षं आणि लासलगावला कांदा. माणसाची ओळख करून घेता घेता आपण मंडई कधी करून आलो, हे त्याचं त्यालाही कळत नाही. मालाची यादी संपली की तो एक पाऊल पुढं येतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "राग मानू नका हं, पण तुमच्याकडच्या लोकांची एक गोष्ट सांगतो..."

माझी नोकरी बँकेतली, म्हणजे बदलीची. तीस-बत्तीस वर्षांत रत्नागिरी, नागपूर, नांदेड, कोल्हापूर, पुणे आणि मुंबई इतक्या गावांचं पाणी प्यालो, आणि प्रत्येक गावात राग न मानता बाकीच्या पाच गावांच्या गोष्टी ऐकल्या. त्या आधारावर आज मी समीक्षकाच्या खुर्चीत बसायचं ठरवलं आहे. मराठीत समीक्षा कशाची झालेली नाही? नवकवितेतल्या दुर्बोधतेवर तर इतकी दुर्बोध पुस्तकं झाली, की कविता त्या मानानं सोपी वाटावी. पण एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत, पत्त्यांच्या डावात आणि साहेब बाहेर गेल्यावर कचेरीत ज्या वाङ्मयाची अखंड निर्मिती होते, त्या गावाच्या विनोदाकडे एकाही टीकाकाराचं लक्ष गेलेलं नाही. या वाङ्मयाला लेखक नाही, मानधन नाही आणि प्रकाशक तर मुळीच नाही, त्यामुळं ते जोमात आहे.

टीकाकारानं पहिल्यांदा स्वतंत्रता तपासायची असते. तिथंच हे वाङ्मय नापास होतं. पुणेकरांच्या काटकसरीच्या म्हणून ज्या गोष्टी आपण मोठ्या अभिमानानं सांगतो, त्या जगभर भाड्यानं फिरत असतात. इंग्रज त्या स्कॉटिश माणसावर सांगतात. बल्गेरियात गाब्रोव्हो नावाचं एक गाव आहे, तिथल्या लोकांवर सगळा बल्गेरिया त्या सांगतो. हे गाब्रोव्होकर म्हणे आपल्या मांजरांच्या शेपट्या कापतात. का? तर हिवाळ्यात मांजर बाहेर जाताना शेपटी पार होईपर्यंत दार उघडं ठेवावं लागतं आणि तेवढ्यात घरातली ऊब निघून जाते! आता ही गोष्ट उबेऐवजी पंख्याचा वारा घालून तुम्ही सदाशिव पेठेतली म्हणून सांगितलीत, तर ऐकणारा तिच्याबद्दल शंका घेणार नाही. फार तर मांजराचं आडनाव विचारील. पण गाब्रोव्होकर हुशार. त्यांनी १९७२ साली आपल्या गावात विनोदाचं एक मोठं संग्रहालयच उघडलं. जगानं ज्या गावाला चिक्कू ठरवलं, त्या गावानं आपल्या चिक्कूपणालाच तिकीट लावलं. याहून मोठा चिक्कूपणा आणि याहून चांगलं उत्तर दोन्ही मला माहीत नाही.

समीक्षकाचं दुसरं काम म्हणजे परंपरेचा शोध. तोही घेतला. ग्रीक भाषेत 'फिलोजेलोस' नावाचा विनोदांचा एक जुना संग्रह आहे. दीड हजारावर वर्षं झाली त्याला. त्यात अब्देरा नावाच्या गावच्या लोकांवरचे विनोद आहेत. अब्देरा म्हणजे ग्रीकांच्या लेखी मूर्खांचं गाव. आता गंमत बघा, पदार्थ हा अतिसूक्ष्म कणांचा बनलेला आहे असं सांगणारा डिमॉक्रिटस हा तत्त्वज्ञ मूळचा कुठला? तर अब्देऱ्याचा. प्रोटॅगोरस कुठला? तोही अब्देऱ्याचा. अख्ख्या गावाची अक्कल या दोघांनीच संपवली असं फार तर म्हणता येईल. पण विनोद सांगणाऱ्यांना त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही, एवढं खरं.

आणि तुम्हाला वाटेल की हे सगळं परक्यांचं झालं, तर आपलाही नंबर त्यात फार आधी लागलेला आहे. इसवी सन ७७९ मध्ये जालोर इथं उद्योतनसूरी नावाच्या जैन आचार्यांनी 'कुवलयमाला' हा प्राकृत ग्रंथ पुरा केला. त्यात बाजारपेठेचं एक वर्णन आहे. देशोदेशीचे व्यापारी तिथं जमले आहेत आणि प्रत्येक देशाचा माणूस दिसतो कसा, बोलतो कसा, हे एकेका श्लोकात टिपलं आहे. त्यात 'मरहट्टा'ही आहे. तो सावळा आहे, काटक आहे, सोशिक आहे, अभिमानी आहे आणि भांडखोर आहे. म्हणजे साडेबाराशे वर्षांपूर्वी, जेव्हा पुण्यात पेठा नव्हत्या, तेव्हासुद्धा बाहेरच्याला मराठी माणूस भांडताना दिसलेला आहे. हा मरहट्टा घाटावरचा होता, कोकणातला होता की वऱ्हाडातला, हे ग्रंथकारानं लिहिलेलं नाही. बरं झालं. नाहीतर तेवढ्यावरून आज आपण भांडलो असतो.

पण टीकाकाराचं खरं काम यापुढंच. या विनोदांत जे स्वभाव म्हणून सांगितलेले असतात, ते आले कुठून? मला प्रत्येक गावी दोन-तीन वर्षं राहावं लागलं, भाड्याच्या घरात, तिथल्या पाण्यावर आणि तिथल्या उन्हात. तेव्हा लक्षात आलं की स्वभाव म्हणतात तो बहुतेक वेळा हवामान, जमीन आणि इतिहास यांचा जमाखर्च असतो. कोकणी माणूस म्हणे हात राखून खर्च करतो. करील नाही तर काय! रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्या दगडातून झिरपून समुद्राला मिळतो. एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. पावसाळ्यात पूर्वी बोटी बंद. रेल्वे पुरी व्हायला १९९८ साल उजाडलं. घरातला कर्ता मुंबईला गिरणीत, आणि सगळं घर पोस्टमनच्या पिशवीतल्या मनिऑर्डरीकडे डोळे लावून. अशा ठिकाणी चार महिन्यांची बेगमी करून ठेवणाऱ्याला कंजूष म्हणायचं, तर मुंगीलाही म्हणावं लागेल.

नागपूरकर म्हणे सावकाश. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेलेला असताना जो घाईनं चालतो, त्याच्या घाईचं कारण इस्पितळ असतं. नागपूरकर 'जातो आहे' न म्हणता 'जाऊन राहिलो' म्हणतो, याचं आपल्याला हसू येतं. पण हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. तिथं एका कानानं मराठी आणि दुसऱ्या कानानं हिंदी ऐकावी लागे. दोन्ही कानांवर पडलेलं तोंडातून एकत्र येणारच. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत आणि १९१८ साली स्थापन झालेलं हैदराबादचं विद्यापीठही उर्दूत. अशा पाच-पन्नास अडचणींतून ज्यांनी घरात मराठी टिकवली, त्यांच्या मराठीत दोन उर्दू शब्द निघाले म्हणून आम्ही चहाच्या वेळी हसायचं. आणि पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद? एकेकाळी दुकानाच्या मागं किंवा माडीवर घर असे, गल्ल्यावर मालक स्वतः, हाताखाली दुसरं कोणी नाही. तो जेवायला आणि आडवं व्हायला जाई. हेच दार गोव्यात दुपारी बंद दिसलं, तर त्याला 'सुशेगाद' म्हणून आपण रजा काढून बघायला जातो.

इथपर्यंत वाचून काही वाचक म्हणतील, "अहो, गंमत आहे ती. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? पुणेकर घेतात का लावून?" मुद्दा अगदी बरोबर. पुणेकर घेत नाहीत. ते पुणेरी पाट्यांची छायाचित्रं जमवतात, त्यांची पुस्तकं काढतात, जावयाला भेट देतात. पण का घेत नाहीत, हा विचार करण्यासारखा भाग आहे, आणि त्यासाठी काही विनोद समोर ठेवून बघावे लागतील.

पुण्याचा घ्या. गिऱ्हाईक दुकानात शिरतं आणि म्हणतं, "नुसतं बघायला काय हरकत आहे?" दुकानदार म्हणतो, "बघायला हरकत नाही. दाखवायला आहे."

कोल्हापूरचा घ्या. पाहुणा हात आडवा धरून म्हणतो, "बास, पोट भरलं." यजमान वाढपी तसाच पुढं करत म्हणतो, "पोट भरलं असंल. पातेलं कुठं रिकामं झालंय?"

नागपूरचा. भर उन्हात बाभळीखाली एक जण उभा आहे. दुसरा विचारतो, "काय करून राहिला बे?" पहिला म्हणतो, "सावली मोठी व्हायची वाट पाहून राहिलो."

रत्नागिरीचा. मुंबईचा चाकरमानी आल्या आल्या विचारतो, "यंदा आंबा कसा आहे, काका?" काका म्हणतात, "आंबा टिकतोय रे. आम्हीच नासत चाललोय."

या चारही गोष्टींत एक समान धागा आहे. शेवटचं वाक्य ज्या गावावर विनोद, त्या गावच्याच माणसाच्या तोंडी आहे. आणि आपण काहीतरी फर्मास बोललो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो हसत नाही, कारण त्याला हसायची गरज नाही. हसणं हे त्यानं आपल्यावर सोपवलं आहे. डाव त्याच्या हातात आहे. पु. ल. देशपांड्यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर या तिघांवर जे धमाल कथन केलं, ते ऐकून ही तिन्ही गावं खूश झाली, याचंही कारण हेच असावं. त्यांचा अंतू बर्वा तर साऱ्या जगाला टोमणे मारतो, आणि त्याच्या टोमण्याखाली किती दारिद्र्य दडलं आहे ते आपल्याला मागाहून कळतं.

आता दुसऱ्या जातीचा एक विनोद घ्या. पूर्वीच्या मराठी नाटकांत मुंबईच्या दिवाणखान्यात एक गडी असे. तो बहुधा कोकणातला. नसला तर घाटावरचा. त्याला वेंधळेपणा हेच काम. साहेब आतून ओरडतात, "अरे, फोनवर कोण आहे?" गडी फोन उचलून बघतो आणि म्हणतो, "फोनवर कोणी नाही साहेब. फोनखाली रुमाल आहे." प्रेक्षागृहात हशा.

माझी विनंती अशी, की हेच वाक्य, अक्षराचाही फरक न करता, एका पुणेकराच्या तोंडी घालून बघा. शनिवार पेठेतले एक पेन्शनर आरामखुर्चीत पेपर वाचत आहेत. आतून हाक येते, "अहो, फोनवर कोण आहे?" ते पेपरातून मान वर न करता म्हणतात, "फोनवर कोणी नाही. फोनखाली रुमाल आहे." झालं! आता हा बावळटपणा उरला नाही. हा तिरकसपणा झाला. उद्या कोणीतरी तो लिहून काढील आणि दिवाळी अंकात पाठवील.

वाक्य तेच, फोन तोच, रुमालही तोच. बदललं काय? तर माणसाला अक्कल आहे असं धरून चालायचं की नाही, एवढंच. पुणेकर बोलला तर 'त्याला म्हणायचंय काय' याचा आपण शोध घेतो; गडी बोलला तर 'त्याला कळलं नाही' असं ठरवून मोकळे होतो. विनोद वाक्यात नव्हताच. तो आपण त्या माणसाच्या खात्यावर आधीपासून काय जमा धरलं आहे, त्यात होता. मी बँकेतला माणूस असल्यामुळं मला हे असं दिसतं, पण हिशेब चुकलेला नसावा. पुणेकरावर विनोद केला तर त्याच्या खात्यात भरपूर शिल्लक असते. दोन-चार रुपये वजा झाले तर त्याला फरक पडत नाही. छापखाने त्याचे, पाठ्यपुस्तकं त्याच्या भाषेत. पुण्याचा म्हणून त्याला कोणी खोली नाकारत नाही. ज्याचं खातंच शून्यावर आहे, त्याला मात्र त्याच दोन रुपयांपायी दंड बसतो.

हा दंड कसा बसतो ते मी जवळून पाहिलेलं आहे. १९८५-८६चं साल असेल. माझी पुण्यात बदली होती आणि शेजारच्या टेबलावर परभणीकडचा एक तरुण कारकून नव्यानं आला होता. आकडेमोडीत वस्ताद, तेरा आकड्यांची बेरीज तोंडी करायचा. पहिल्या दिवशी त्यानं शिपायाला "जरा पानी देता का?" म्हटलं आणि शाखेत खसखस पिकली. चहाच्या वेळी कोणीतरी 'आनी-पानी-लोनी' अशी माळ म्हणून दाखवली. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. या विनोदात कोणाच्याच मनात कधी वाईट नसतं, म्हणून तर तो थांबवता येत नाही.

त्या मुलानं एक विलक्षण गोष्ट केली. त्यानं 'ण' असलेले शब्दच बोलणं सोडलं. 'पाणी'ऐवजी तो 'वॉटर' म्हणू लागला. 'आणि'च्या जागी 'व' आला, 'पण'च्या जागी 'परंतु', 'म्हणून' आणि 'कारण' या दोघांच्या जागी मिळून 'सबब'. आठवडाभरात त्याची भाषा सरकारी राजपत्रासारखी झाली. "काल ताप होता सबब आलो नाही, परंतु आज बरा आहे व काम संपवून जाईन." यालाही लोक हसले. खरी पंचाईत पुढं आली. तो ज्या गावात नोकरी करत होता, त्या गावाच्या नावातच 'ण' होता. 'पुणे' म्हणायचं कसं? मग तो म्हणे, "या शहरात." परभणीचं नावही तो घेत नसे. त्याही नावात 'ण' आहे. म्हणजे जिथं राहतो ते गाव नाही आणि जिथून आलो तेही नाही. दोन्ही त्या एका अक्षरानं गिळली.

दोन वर्षांनी बढतीची परीक्षा आली. लेखी परीक्षेत त्याचा नंबर वरचा होता. पुढं तोंडी मुलाखत होती. तिला तो गेला नाही. "घरची अडचन आहे," एवढंच त्यानं मला सांगितलं. त्याच्या तोंडून निसटलेला 'ण'चा तो एकच शब्द मी त्या दोन वर्षांत ऐकला. पुढं तो बदली घेऊन आपल्या भागात गेला.

आता या 'ण'चीही जरा चौकशी करू. मूळ संस्कृत शब्द 'पानीय'. त्यात 'न' आहे. त्याचं प्राकृतात 'पाणिअ' झालं आणि मराठीत 'पाणी' आलं. जुन्या महाराष्ट्री प्राकृतानं तर दिसेल त्या 'न'चा 'ण' करून टाकला होता. म्हणजे शुद्धतेचा निकाल संस्कृतवर लावायचा, तर परभणीचा 'पानी' मुळाला जवळचा आणि पुण्याचं 'पाणी' घरंगळत आलेलं. प्राकृतावर लावायचा, तर सध्याचे शुद्ध मराठी बोलणारे निम्म्याहून अधिक वेळा चुकतात. पण शुद्ध-अशुद्धाचा निकाल व्याकरण लावत नसतं. ज्याच्या अंगणात शाळा भरते, तो लावतो.

क्रिस्टी डेव्हिस नावाच्या एका ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं देशोदेशीचे असे विनोद गोळा करून १९९० साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण असं, की मूर्खपणाचे विनोद अगदी परक्यावर सहसा होत नाहीत. जो आपल्यासारखाच आहे पण जरासा कडेला आहे, आपलीच भाषा जराशी वेगळी बोलतो, त्याच्यावर होतात. मध्यावर बसलेला कडेच्या माणसाकडे बघून हसतो. मला हे वाचून आपलीच शब्दसंपत्ती आठवली. 'घाटी' म्हणजे घाटावरून आलेला, साधा भूगोल. मुंबईत त्याची शिवी झाली. 'भय्या' म्हणजे भाऊ, नात्यातला शब्द. त्याचीही झाली. चार-पाच राज्यांतल्या माणसांना मिळून आपण 'मद्रासी' म्हणत आलो, आणि त्या शहराचं नाव १९९६ साली बदललं तरी आपल्या तोंडातलं बदललं नाही.

आणि आपण मध्यावर आहोत हा आपला समज तरी कुठवर टिकतो? जुन्या हिंदी सिनेमाच्या थेटरापर्यंत. तिथं मराठी माणूस कोण असायचा? एक तर भांडी घासणारी नऊवारीतली बाई, नाहीतर गुन्हा घडून गेल्यावर येणारा हवालदार. दोघंही हेल काढून हिंदी बोलणार आणि थेटर हसणार. त्या वेळी आपल्याला ते अजिबात विनोदी वाटत नव्हतं. त्या अंधारात पुणेकर, मुंबईकर, नागपूरकर आणि परभणीकर शेजारी शेजारी बसलेले होते, आणि चौघांची मिळून एकच चिठ्ठी झालेली होती.

मग यावर उपाय काय? बंदी घालावी असं सांगणारे आहेत. सरदारजींवरचे विनोद थांबवावेत म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. लोकांनी नीतीनं कसं वागावं याची कलमं न्यायालय घालून देऊ शकत नाही, असं न्यायालयानं २०१७ साली सांगितलं. बरोबरच आहे. कोर्टाच्या हुकमानं माणूस फार तर तोंड दाबून हसेल. याउलट सरदारांचे विनोद स्वतः खुशवंत सिंगांनी आयुष्यभर सांगितले, पुस्तकांतून छापले, आणि शेवटचं वाक्य आपल्या घरात ठेवलं.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. मालवणी बोली नाटकात एकेकाळी गड्याची आणि गमतीची होती. १९८० साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं. मच्छिंद्र कांबळी आणि मंडळी रंगमंचावर उभी राहिली आणि सगळं नाटकच मालवणीत बोलू लागलं. गावातली नाटकमंडळी महाभारताची फजिती करत होती, शिव्या देत होती, आणि हे सगळं आपण मुद्दाम करतो आहोत याची त्यांना पुरी जाणीव होती. प्रयोग पाच हजारांच्या वर गेले. ज्यांना मालवणी येत नव्हती, ते शेजाऱ्याला अर्थ विचारत होते. आयुष्यात पहिल्यांदाच दिवाणखाना बावळट ठरला आणि गडी शहाणा.

त्याच्याही आधी, १९५२ साली बहिणाबाई चौधरींच्या कविता पुस्तकरूपानं आल्या. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेली, लिहिता-वाचता न येणारी बाई. तिची बोली ऐकून आदल्या दिवशीपर्यंत जे लोक 'गावंढळ' म्हणाले असते, ते आचार्य अत्र्यांची प्रस्तावना वाचून 'अस्सल' म्हणू लागले. बोली तीच होती. तिच्या खात्यावर काय जमा धरायचं, तेवढं बदललं. दुःख इतकंच, की हे व्हायला ती बाई १९५१ साली वारावी लागली.

तेव्हा समीक्षकाच्या खुर्चीतून उठण्याआधी निकाल देतो. गावाचा विनोद बंद पडावा असं मला मुळीच वाटत नाही. तो बंद पडला तर एस.टी.चा प्रवास कापायचा कसा आणि लग्नात व्याह्यांशी बोलायचं काय? फक्त ऐकताना एक साधी कसोटी लावावी. शेवटचं वाक्य कोणाचं आहे? ज्याच्यावर विनोद, त्याचं असेल आणि ते त्याला ठाऊक असेल, तर खुशाल हसावं, टाळी द्यावी, जमल्यास चहा सांगावा. त्याला त्या गोष्टीत बोलायलाच मिळत नसेल, किंवा त्याच्या तोंडी फक्त न कळणं ठेवलेलं असेल, तर तो विनोद कच्चा आहे. साहित्य म्हणूनसुद्धा कच्चा आहे, कारण त्यात पात्र नाही, नुसती चिठ्ठी आहे.

आणि "मूळचे कुठले?" हा प्रश्नही अवश्य विचारावा. चांगला प्रश्न आहे. त्याचं उत्तर आलं, की चादर, केळी आणि संत्री लगेच बाहेर काढू नयेत, इतकंच. जरा थांबावं. समोरच्याला पुढचं वाक्य बोलू द्यावं. सहा गावांच्या अनुभवावरून सांगतो, ते बहुधा आपल्या वाक्याहून चांगलं असतं.